त्याने की त्यांनी? बातमीतल्या माणसाला वाक्यात कुठं उभं करायचं

खानापूर, निपाणी, बेळगाव तालुक्यातली बरीच पोरंपोरी आता लिहायला लागलीत. कुणी पुण्या-मुंबईच्या पोर्टलला स्टोरी पाठवतं, कुणी इथल्या पेपरसाठी गावाकडची बातमीदारी करतं, कुणी दिवाळी अंकाला लेख देतं, आणि यातल्या बहुतेकांचं घर दुसऱ्याच कामावर चालतं, म्हणजे दिवसा उद्यमबागेत शिफ्ट नाहीतर एखाद्या क्लासवर शिकवणं आणि रात्री जेवणं झाल्यावर लिखाण. ही मंडळी भेटली की पहिला प्रश्न ठरलेला, शुद्धलेखन कसं सुधारायचं? प्रश्न रास्त आहे. पण ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर शब्दकोश आहे, डेस्कवर, म्हणजे ऑफिसात बातमी तपासायला, कुणीतरी बसलेलं आहे, ते बघून घेतात. वाक्यातनं माणूसच गायब झाला असेल तर ते डेस्कला कळायला मार्ग नाही, कारण जागेवर तुम्ही गेला होता, ते नाही. म्हणून माझ्याकडं कुणी व्याकरणाचं विचारलं की मी आधी तिथनंच सुरू करतो.

आपल्याकडं हे जास्त घडतं त्याला कारण आहे. सरकारी प्रेस नोट कन्नडमध्ये येते, एजन्सीची कॉपी, म्हणजे बातमीचा मजकूर, इंग्रजीत येते, माणसं मराठीत बोलतात, आणि आपण हे सगळं संध्याकाळच्या घाईत एका बातमीत बसवतो. कन्नड नोटमध्ये जागोजागी ‘माडलागिदे’ असतं, त्याचं सरळ मराठी ‘करण्यात आले आहे’ असं होतं, आणि बोटांना इतकी सवय झालेली असते की पुढचं मागचं न बघता ते टाइप होतं. ‘रस्ता रुंदीकरणासाठी झाडे तोडण्यात आली आहेत.’ कुणी तोडली? महापालिकेनं, बांधकाम खात्यानं, की कंत्राटदारानं परस्पर? नोट लिहिणाऱ्याला ते सांगायचं नसेल तर त्याच्या सोयीचं वाक्य त्यानं लिहिलं, आपण त्याचं शुद्ध मराठी करून त्याचीच सोय केली. यावर माझा उपाय अगदी साधा आहे. कॉपी झाली की ‘करण्यात’ हा शब्द सर्च करायचा, प्रत्येक ठिकाणी थांबायचं आणि ‘कुणी?’ असं विचारायचं. उत्तर माहीत असेल तर वाक्य फिरवून कर्ता पुढं आणायचा. माहीत नसेल तर फोन लावायचा. फोनवरही कुणी सांगितलं नाही तर तसंच लिहायचं, झाडं कुणाच्या आदेशानं तोडली हे खात्यानं सांगितलं नाही. ती पण बातमीच आहे, कधीकधी मूळ बातमीपेक्षा मोठी.

सगळे ‘करण्यात आले’ उपटून टाका असं मात्र मी म्हणत नाही. १७ जानेवारीला हुतात्मा चौकात सीमालढ्यातल्या हुतात्म्यांना अभिवादन करण्यात आलं, इथं कर्ता शोधत बसायचं कारण नाही, सगळा गाव तिथं असतो. संशयिताला अटक करण्यात आली, तिथं अटक पोलीसच करणार. जिथं कर्ता लपल्यामुळं जबाबदारी पण लपते तिथं अडायचं, एवढंच. याचाच सख्खा भाऊ म्हणजे ‘असल्याचे सांगण्यात आले’. कुणी सांगितलं, कुणाला सांगितलं, काहीच नाही. हे वाक्य ज्या बातमीत दोनदा आलं त्या बातमीला सोर्स नाही असं समजायला हरकत नाही.

आता ‘-ताना’ बघा. ‘रस्ता ओलांडताना दुचाकीने वृद्धेला धडक दिली.’ अशी वाक्यं दर आठवड्याला छापून येतात आणि वाचणारा अर्थ लावून घेतो म्हणून कुणाला खटकत नाही, पण व्याकरणानं बघितलं तर इथं रस्ता दुचाकी ओलांडतेय. ‘वृद्धा रस्ता ओलांडत असताना तिला दुचाकीची धडक बसली’ म्हटलं की चित्र जागेवर येतं. आणि अपघाताच्या बातमीत हे चित्र कोर्टापर्यंत जातं हो, विम्यापर्यंत जातं, कोण रस्त्यावर होतं, कोण वळत होतं, कोण थांबलेलं होतं हे सगळं या एका ‘-ताना’वर लोंबकळत असतं. तसंच ‘-लेल्या’चं. ‘दोन दिवसांपासून सुरू असलेल्या पावसामुळे भिजलेल्या जुन्या घराच्या कोसळलेल्या भिंतीखाली अडकलेल्या दोघांना बाहेर काढण्यासाठी आलेल्या जवानांना...’ श्वास संपतो पण क्रियापद येत नाही. मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळं आधीची विशेषणं जितकी लांबवाल तितका वाचकाला सगळा भार डोक्यावर धरून चालावं लागतं. तोडून लिहा. दोन दिवस पाऊस होता. जुनं घर भिजलं होतं. पहाटे भिंत पडली, दोघं अडकले. बोलताना आपण अशीच वाक्यं बोलतो, लिहायला बसलो की कुठनं ती रेल्वे जोडायची हौस येते कुणास ठाऊक. (ब्लॉगवर लांब वाक्यं चालतात, मी पण लिहितोय, पण बातमी वेगळी, ती लोक बसस्टँडवर उभ्या उभ्या वाचतात.)

सीमाभागात राजकीय भाषण कव्हर करणाऱ्यांनी ‘आपण’ आणि ‘आम्ही’ यांच्याकडं फार जपून बघावं. इंग्रजीत दोन्हीला एकच शब्द, त्यामुळं इंग्रजी कॉपीवरनं मराठी करणाऱ्याला फरक दिसतच नाही. पण स्टेजवरचा माणूस ‘आपण लढू’ म्हणाला तर त्यानं समोरच्या सगळ्यांना सोबत घेतलं, ‘आम्ही लढू’ म्हणाला तर तो त्याच्या पक्षापुरतं किंवा एकीकरण समितीपुरतं बोलला. २००४ साली महाराष्ट्र सरकारनं सीमाप्रश्नावर सुप्रीम कोर्टात दावा दाखल केला, तेव्हापासून या विषयावर कोण कुणाच्या वतीनं बोलतंय हा साधा मुद्दा राहिलेला नाही, आणि तुम्ही एका शब्दाच्या आळसापायी कुणाला तरी नको त्या गोटात बसवून मोकळे होता. आणखी एक, बातमीत ‘आपण’ दुसऱ्या कामालाही येतं: ‘आपण राजीनामा देणार नसल्याचे त्यांनी सांगितले’. इथं तो ‘आपण’ म्हणजे स्वतः. हे बरोबर मराठी आहे, पण त्याच बातमीत वर ‘आपण सगळे’ या अर्थाचा ‘आपण’ येऊन गेला असेल तर गोंधळ होतो, मग सरळ अवतरणात टाका, ‘मी राजीनामा देणार नाही’ असं ते म्हणाले, विषय संपला.

आता माझ्या जिव्हाळ्याचा विषय. कुठलाही पेपर उघडा आणि फक्त क्रियापदं वाचत जा. मंत्री म्हणाले. आमदार म्हणाले. बँकेचे चेअरमन म्हणाले. गाडीवर भाजी विकणारा म्हणाला. शिपाई म्हणाला. मोलकरीण म्हणाली. मराठीत आदरार्थी बहुवचन आहे ही आपल्या भाषेची मोठी देणगी आहे, पण ती कुणाला द्यायची हे आपण पगार बघून ठरवतो आणि ठरवतोय हे आपल्याला जाणवत पण नाही. ज्याच्यावर घोटाळ्याचं आरोपपत्र आहे तो पुढारी शेवटच्या ओळीपर्यंत ‘ते’ असतो, आणि मोबाइल चोरल्याच्या नुसत्या संशयावरनं पकडलेलं विशीतलं पोरगं पहिल्या ओळीपासनं ‘तो’. दोघांवर गुन्हा सिद्ध व्हायचाय. मग दोघांना वाक्यात वेगवेगळ्या उंचीवर उभं करायचा अधिकार आपल्याला कुणी दिला? इंग्रजीतनं भाषांतर करणाऱ्याला तर हा निर्णय प्रत्येक वाक्यात स्वतःच घ्यावा लागतो, मूळ कॉपीत तो नसतोच, त्यामुळं तिथं लिहिणाऱ्याचं मन जास्त उघडं पडतं.

मी पाळतो तो नियम सांगतो. बातमीतल्या प्रत्येक सज्ञान माणसाला आदरार्थी लिहायचं, आणि तसं न लिहायचं ठरवलं तर त्या बातमीत कुणालाच लिहायचं नाही. करून बघा, अडचणी लगेच येतात. ‘शेतकऱ्यांनी सांगितलं’ म्हटलं की एक की अनेक हे कळत नाही, कारण अनुस्वार बहुवचनाचा पण तोच आणि आदराचा पण तोच. तिथं नाव वापरायचं. ‘मल्लाप्पा हे खानापूर तालुक्यातले शेतकरी, ते म्हणाले’ असं एकदा लिहिलं की पुढचा रस्ता मोकळा. ‘त्यांनी’ची पण तीच गत आहे, तो शब्द बाईचा, पुरुषाचा, एकाचा, दहा जणांचा, सगळ्यांचा असतो, म्हणून बातमीत तीन माणसं असतील तर ‘त्यांनी त्यांना त्यांच्या’ करत बसू नका, नाव परत लिहा. नाव परत परत आलं तर वाचायला कंटाळवाणं होतं असं शाळेत निबंध लिहिताना शिकवतात, बातमीला ते लागू नाही, बातमीत कोण कुणाला म्हणालं हे कळणं पहिलं.

आणि सांगण्याची क्रियापदं. ‘म्हणाले’ हा बिनारंगाचा शब्द आहे, बाकी सगळ्यांना रंग आहे. ‘दावा केला’ म्हटलं की तुम्हाला शंका आहे, ‘स्पष्ट केलं’ म्हटलं की तुम्हाला पटलंय, ‘कबूल केलं’ म्हटलं की काहीतरी लपवलं होतं. अधिकाऱ्यानं ‘स्पष्ट केलं’ आणि गावकऱ्यांनी ‘आरोप केला’, ही जोडी इतकी रुळलीय की ती वाचूनच निकाल लागतो. दोघांना ‘म्हणाले’ द्या, वाचक शहाणा आहे.

वडगावात यंत्रमागावर काम करणाऱ्या एका बाईंशी बोललो होतो, एका पोर्टलसाठी, साड्यांच्या धंद्यावर स्टोरी होती. माग सुरूच, त्या आवाजात त्या जवळजवळ ओरडून बोलत होत्या: “मी सांगतो तुला, सुताचा दर वाढूलालाय आणि साडीचा दर हाय तिथंच हाय, मग आम्ही काय करायचं सांग की.” छापून आलं ते असं: “मी तुम्हाला सांगते, सुताचे दर वाढत आहेत, परंतु साडीचा दर आहे तेवढाच आहे, मग आम्ही काय करावे?” अर्थ सगळा आला, पण त्या वाक्यात बाई राहिल्या नाहीत. आपल्याकडं आणि कोल्हापूरकडं बायका ‘मी जातो, मी सांगतो’ असं सहज बोलतात, ती चूक नव्हे, ती इथली रीत आहे. आणि ‘सांग की’ मधला तो ‘की’ काढला की त्यातला जाब विचारणं पण निघून गेलं. शुद्धलेखनाचे नियम याच्या आड येत नाहीत, बोलणाऱ्याच्या तोंडची भाषा उच्चाराप्रमाणं लिहायला नियमातच मुभा आहे. त्यानंतर मी कॉपी पाठवताना वर एक ओळ टाकायला लागलो, अवतरणातली भाषा मुद्दाम तशी ठेवलीय, बदलायची असेल तर आधी फोन करा. बहुतेक जण ऐकतात.

पण याची दुसरी बाजू पण सांगायला पाहिजे, नाहीतर नवीन लिहिणारे उत्साहात भलतंच करतात. बोली फक्त गरिबाच्या तोंडी घालायची आणि प्रोफेसरांचं बोलणं मात्र इस्त्री करून छापायचं, हे ‘तो म्हणाला, ते म्हणाले’ इतकंच वाईट. टिळकवाडीतले प्राध्यापक पण घरी ‘काय करूलालास’ असंच विचारतात. एक तर सगळ्यांचं जसं बोलले तसं, नाहीतर सगळ्यांचं प्रमाण. आणि अवतरण चिन्हात माणूस न बोललेला शब्द घालायचा नाही. कुणी कन्नडमध्ये बोललं असेल तर ‘कन्नडमध्ये बोलताना ते म्हणाले’ असं लिहून मराठी द्या, नाहीतर वाचायला असं वाटतं की सौंदत्तीचा शेतकरी सदाशिव पेठेतल्यासारखं बोलतो.

नावांचं बघू. इंग्रजी कॉपीवरनं काम करणाऱ्यांनी अनगोळचं ‘अँगोल’, येळ्ळूरचं ‘येल्लूर’, लोंढ्याचं ‘लोंडा’ करून ठेवलेलं मी वाचलंय. त्या गावच्या माणसाला पहिल्या ओळीतच कळतं की लिहिणारा इकडं फिरकलेला नाही, पुढची बातमी मग कितीही चांगली असू दे. इथं आपल्याला एक फायदा आहे, कन्नड लिपी. ळ आणि ल, ण आणि न यांचा फरक रोमन अक्षरात दिसत नाही पण कन्नडमध्ये चोख दिसतो, त्यामुळं बसवरचा नाहीतर पंचायतीवरचा कन्नड बोर्ड वाचता आला तर बेनकनहळ्ळी, जारकीहोळी, कंग्राळी असली नावं आपोआप बरोबर येतात. ज्यांना कन्नड वाचता येत नाही त्यांनी शिकून घ्यावं असं माझं प्रामाणिक मत आहे, प्रेस नोट दुसऱ्याकडनं वाचून घेणाऱ्याला त्या दुसऱ्याच्या मर्जीवर राहावं लागतं. माणसाच्या नावाला मात्र बोर्ड पण चालत नाही, वही पुढं करायची आणि त्यांनाच लिहायला सांगायचं, कुठल्या का लिपीत असेना.

शहराचं नाव हा तर रोजचा प्रश्न. सरकारी दप्तरात १ नोव्हेंबर २०१४ पासून बेळगावी आहे, मराठी लिहिण्या-बोलण्यात बेळगाव आहे. मराठी मजकुरात मी बेळगावच लिहितो, पत्राचा किंवा कार्यालयाच्या आदेशाचा शब्दशः उतारा असेल तर त्यात जे आहे ते. ज्यांना पाठवताय त्यांची पद्धत आधी विचारून घ्या म्हणजे नंतर वाद नको. आणि गाववर अनुस्वार नको, जुन्या पाट्यांवर ‘बेळगांव’ दिसतं, पण मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम आल्यापासून न उच्चारलेला अनुस्वार गेला.

तेच नियम एकदा बसून वाचा, खरंच. १९६२ साली १४ ठरले, १९७२ साली ४ वाढले, असे सगळे मिळून १८, चहा गार होईपर्यंत वाचून होतात. बातमीदाराला रोज लागणारे त्यातले दोन-तीनच. गावाच्या नावातला ‘पूर’ दीर्घ, पण प्रत्ययानं रूप बदललं की ऱ्हस्व, म्हणून खानापूर आणि खानापुरात, तसंच पूल आणि पुलावर, धूर आणि धुरामुळे. संस्कृतातनं जसाच्या तसा आलेला शब्द मात्र बदलत नाही, शरीर आणि शरीरात. कवी दीर्घ, पण कविसंमेलन ऱ्हस्व, हे कडोली-येळ्ळूरच्या साहित्य संमेलनाच्या बातम्या करणाऱ्यांनी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावं, कारण दरवर्षी बॅनरवर ‘कवीसंमेलन’ असतं आणि बॅनर बघून बातमीत पण तेच येतं.

फॉन्टचा एक त्रास वेगळाच. जुन्या डीटीपी फॉन्टमधनं युनिकोड करताना ‘शेतकऱ्यांना’चं ‘शेतकर्यांना’ होतं. बघायला किरकोळ, पण आचाऱ्यांना आणि आचार्यांना यात जेवण करणारा आणि मठातला एवढं अंतर आहे. मोबाइलच्या कीबोर्डवर ऱ वेगळा मिळतो, तो शोधून ठेवा. आणि कॉपी युनिकोडमध्येच, मेलच्या मजकुरातच पाठवा, नुसता फोटो किंवा पीडीएफ पाठवलं की तिकडं कुणीतरी ते परत टाइप करणार आणि तुमची सगळी नावं परत बिघडणार.

बाहेरच्या वाचकासाठी लिहिताना आपल्याला इतकं अंगवळणी पडलेलं असतं की सांगायचं राहून जातं. एसएसएलसी म्हणजे दहावी, पीयूसी म्हणजे अकरावी-बारावी, हेस्कॉम म्हणजे वीज कंपनी, पीडीओ म्हणजे पंचायतीचा विकास अधिकारी, हे साताऱ्याच्या वाचकाला माहीत नसतं, पहिल्यांदा शब्द आला की दोन शब्दांत सांगून टाका. पिकाच्या नुकसानीची नोट हेक्टरमध्ये येते आणि आपला माणूस एकर-गुंठ्यात मोजतो, १ हेक्टर म्हणजे साधारण अडीच एकर, ४० गुंठ्यांचा एकर, दोन्ही द्या.

पैशाचं पण बोलायला पाहिजे, कारण त्याची लाज वाटून बरेच जण गप्प बसतात. पहिल्याच मेलमध्ये विचारा: किती शब्द, कधीपर्यंत, मानधन किती, छापल्यावर मिळणार की स्वीकारल्यावर, फोटोचे वेगळे का, आणि ‘केले’ पाहिजे की ‘केलं’ चालेल. एकाच मेलमध्ये, सरळ मराठीत. ‘आपण योग्य ते मानधन द्याल ही अपेक्षा’ असं लिहिलं की योग्य म्हणजे किती हे समोरचा ठरवतो.

शेवटी, अत्याचाराच्या बातम्या. पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्यात, मुलाची किंवा मुलीची ओळख पटेल असं काहीच छापता येत नाही, नाव, पत्ता, फोटो, घरच्यांची माहिती, शाळा, आजूबाजूचा भाग, काहीच. नाव बदलून लिहिलं की झालं असं पुष्कळांना वाटतं. पण आपल्याकडची गावं केवढीशी, ‘अमुक गावच्या पंचायतीत कामाला असणाऱ्या बाईची सातवीतली मुलगी’ एवढं लिहिलं की गावातल्या शेंबड्या पोराला पण कळतं कोण ते. आरोपी नात्यातला असेल तर त्याचं नाव आणि ‘तिचा मामा’ हे दोन्ही एकत्र आले की मुलीचं नाव छापल्यासारखंच. इथं आत्तापर्यंत सांगितलं त्याच्या उलटं करायचं, नेमकेपणा सोडायचा, ‘खानापूर तालुक्यातल्या एका गावात’ एवढ्यावर थांबायचं, नातं गाळायचं, इयत्ता गाळायची. डेस्कला वाटतं बातमीदारानं माहितीच आणली नाही, मग ते फोन करून विचारतात नाहीतर दुसऱ्या कुठल्या कॉपीतनं गाव उचलून घालतात. म्हणून कॉपीच्या वर ठळक अक्षरात लिहून पाठवा, गाव, शाळा आणि नातं मुद्दाम गाळलंय, घालू नका. आणि रात्री पान लागायच्या आधी एक फोन करून ते गाळलेलं तसंच राहिलंय ना एवढं विचारून घ्या.